नीळ आणि माती : किम नामजूनचा ‘इंडिगो’

किम नामजून या कोरियन गायकाचा ‘इंडिगो’ हा गीतसंग्रह २ डिसेंबर २०२२ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात दहा गाणी आहेत आणि त्यांपैकी आठ गाण्यांत त्याच्या सोबतीला दुसऱ्या कोणाचा तरी आवाज आहे. ज्याची ओळख सर्वत्र आत्मपर संग्रह म्हणून करून दिली जाते त्याच्या बाबतीत ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. आत्मपर कवितेविषयीची आपली रूढ कल्पना एकट्या माणसाची आहे. दार लावून घेतलेले, दिवा मंद केलेला, समोर कागद. इथे मात्र आत्मशोधाला निघालेला हा तरुण अमेरिकेतील एक ज्येष्ठ गायिका, स्वदेशातील रॉक गायिका, गिटारवर हलक्या आवाजात गाणारी एक मुलगी, ज्याला ऐकून तो या क्षेत्रात आला तो वडीलधारा रॅपगायक आणि एक दिवंगत चित्रकार एवढी मंडळी बरोबर घेऊन निघाला आहे. ही विसंगती संग्रहाचा दोष नाही; किंबहुना संग्रहाचा अर्थ तिच्यातच सापडतो असे माझे मत झाले आहे. कोरियन भाषा मला येत नाही. गीतांचे इंग्रजी अनुवाद समोर ठेवून आणि गाणी पुनःपुन्हा ऐकून जे हाती लागले ते येथे मांडत आहे.

गायकाची थोडी ओळख आवश्यक आहे. नामजूनचा जन्म १९९४चा. सोलजवळच्या इल्सान या नव्याने वसवलेल्या नगरात तो वाढला. शाळेच्या वयात त्याने एपिक हाय या कोरियन गटाचे एक गाणे ऐकले आणि तो रॅपकडे वळला. (रॅप म्हणजे तालावर वेगाने म्हटलेले अनुप्रासयुक्त पद्य. ज्यांच्या कानांना अमृतरायांच्या कटावाची सवय आहे त्यांना हा प्रकार वाटतो तितका परका वाटू नये.) वयाच्या सोळाव्या वर्षी, २०१० साली, तो एका मनोरंजन कंपनीत उमेदवार म्हणून दाखल झाला आणि जून २०१३मध्ये बीटीएस या सात जणांच्या गटाचा प्रमुख म्हणून लोकांसमोर आला. कोरियातील या व्यवसायात उमेदवारांना वर्षानुवर्षे गाणे, नृत्य, मुलाखतीत कसे बोलावे, हसावे किती, याचे शिक्षण दिले जाते; राहणे, जेवणे एकत्र, कंपनीच्या देखरेखीखाली. पहिल्या काळात त्याचे रंगमंचावरील नाव ‘रॅप मॉन्स्टर’ होते. २०१७मध्ये ते त्याने ‘आर.एम.’ एवढेच ठेवले. आयुष्यभर पदनामाखाली सही करून निवृत्त झालेल्या माणसाला या बदलाचे महत्त्व थोडे अधिक जाणवते. पदनाम गळून पडल्यावर खाली नुसते नाव उरते तेव्हा ते नाव कोणाचे, हा प्रश्न विचारायला पुष्कळ उशीर झालेला असतो. नामजूनला तो प्रश्न अठ्ठाविसाव्या वर्षी पडला.

१४ जून २०२२ रोजी गटाने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. सातही जण जेवणाच्या टेबलाभोवती बसले आहेत आणि यापुढे काही काळ प्रत्येकाने स्वतंत्र काम करावे असे ठरल्याचे सांगत आहेत. त्यात नामजूनने जे म्हटले त्याचा आशय असा, की या व्यवस्थेत माणसाला परिपक्व होण्यासाठी वेळच मिळत नाही. सतत काहीतरी निर्माण करून द्यावे लागते आणि आपल्याला काय म्हणायचे आहे तेच कळेनासे होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कंपनीचा समभाग जवळपास चतुर्थांशाने कोसळला. एका तरुणाने ‘मला विचार करायला वेळ हवा’ असे म्हणावे आणि भांडवलबाजारात त्याची किंमत तत्काळ नोंदली जावी, हे कलेच्या इतिहासात फारसे घडले नसेल. राजाश्रयाच्या काळातील कवीलाही दरबारातून रजा मागताना एवढी धास्ती वाटली नसावी. ‘इंडिगो’मधील ‘मी’ कोणाच्या मालकीचा आहे, हा प्रश्न त्यामुळे केवळ तात्त्विक राहत नाही. पुढे सहाच महिन्यांत हा संग्रह आला.

संग्रहाचे पहिले गाणे ‘युन’. हे नाव चित्रकार युन ह्योंग-कुन यांचे आहे. गाणे समजून घ्यायचे तर या चित्रकाराचे आयुष्य ठाऊक असले पाहिजे, आणि ते आयुष्य गाण्याहून कितीतरी मोठे आहे, हीच या गाण्यापुढील अडचण आहे.

युन यांचा जन्म १९२८चा, म्हणजे जपानी अमलातील कोरियात. १९४७मध्ये ते सोल राष्ट्रीय विद्यापीठात दाखल झाले आणि विद्यार्थी आंदोलनात भाग घेतल्यामुळे त्यांना तेथून काढून टाकण्यात आले. त्या जुन्या नोंदीमुळे १९५०मध्ये, युद्धाला तोंड फुटताच, त्यांना संशयित म्हणून गोळ्या घालण्यासाठी नेण्यात आले. त्यातून ते थोडक्यात निसटले. १९५६मध्ये पुन्हा तुरुंग. उत्तरेच्या सैन्याने सोल घेतले होते त्या दिवसांत त्यांच्याकडून काम करवून घेतले गेले, हा ठपका. पुढे ते मुलींच्या एका शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. १९७३मध्ये तेथील एका विद्यार्थिनीच्या नियमबाह्य प्रवेशावर त्यांनी आक्षेप घेतला. मुलीमागचा हात तत्कालीन गुप्तचर यंत्रणेच्या प्रमुखापर्यंत पोचणारा होता. युन यांना अटक झाली ती कम्युनिस्टविरोधी कायद्याखाली, आणि ते घालत असलेली टोपी लेनिनच्या टोपीसारखी दिसते हाही त्यांच्याविरुद्धचा मुद्दा झाला! शासकीय सेवेत ज्यांनी वर्षे काढली आहेत त्यांना फाइलवर नोंदवलेल्या अशा एका आक्षेपाची किंमत काय असू शकते हे सांगायला नको.

त्या वेळी युन पंचेचाळीस वर्षांचे होते. ते सुटून आले आणि त्यांच्या चित्रांतून उजळ रंग गेले. उरले दोन : अल्ट्रामरीन निळा आणि भाजलेल्या मातीसारखा तपकिरी. निळा आकाशाचा, तपकिरी भूमीचा. हे दोन रंग एकमेकांत मिसळून, टर्पेंटाइनने पातळ करून, अस्तर न दिलेल्या सुती वा तागाच्या कापडावर रुंद कुंचल्याने वरून खाली ओढलेले काळसर खांब, आणि खांबांच्या मध्ये उघड्या कापडाची फट. तेल कापडात पसरत जाते, म्हणून कडा धूसर होतात. युन यांनी या रचनेला आकाश आणि भूमी यांमधील द्वार मानले. कोरियात ‘दानसेकह्वा’ म्हणजे एकरंगी चित्र या नावाने जी परंपरा ओळखली जाते तिच्यात त्यांची गणना होते. २००७मध्ये ते निवर्तले. ज्यांनी मूळच्या गोव्याच्या घराण्यातील वासुदेव गायतोंडे यांची चित्रे शांतपणे पाहिली आहेत त्यांना युन यांच्या चित्रांपाशी थांबणे जड जाणार नाही. मात्र गायतोंड्यांच्या चित्रांत प्रकाश आतून वर येत असल्याचा भास होतो, तर युन यांच्या चित्रांत तो दोन काळ्या भिंतींच्या मध्ये अडकलेला असतो.

या चित्रकाराचा ध्वनिमुद्रित आवाज नामजूनने आपल्या गाण्यात घेतला आहे. सत्य, सौंदर्य इत्यादींबाबत एक वृद्ध माणूस सावकाश बोलतो आहे, जन्मभर सत्याने राहणे हेच काय ते, असे सांगतो आहे. पाठोपाठ नामजूनचे रॅप येते आणि त्यात एरिका बाडू यांचा जुना, मुरलेला स्वर एखाद्या सावलीसारखा मिसळतो. कलावंत होण्याच्या आधी माणूस झाले पाहिजे, हा गाण्याचा आशय.

मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, यावर फडके आणि खांडेकर यांच्या पिढीने पुष्कळ शाई खर्च केली. साने गुरुजींनी तर टॉलस्टॉयचा कलाविषयक ग्रंथच मराठीत आणला. पुढे मर्ढेकरांनी सौंदर्याचा निकष नीतीपासून वेगळा काढला आणि आमच्या पिढीने तो बव्हंशी मान्यही केला. कलावंत माणूस म्हणून कसा होता, हे विचारणे अडाणीपणाचे लक्षण ठरले. त्या संस्कारात वाढलेल्या मला ‘आधी माणूस, मग कलावंत’ हे सूत्र ऐकताना प्रथम कंटाळा आला, हे नमूद करतो. पण युन यांच्या बाबतीत ते सूत्र सुभाषित नव्हते. नियमबाह्य प्रवेशावर आक्षेप घेणारा हात आणि काळा खांब ओढणारा हात एकच होता. त्यांनी ते आधी जगून दाखवले आणि मग उच्चारले.

नामजूनने ते उच्चारले आहे. जगून दाखवण्याची संधी त्याला अद्याप मिळायची आहे. म्हणूनच ‘युन’ हे गाणे मला या संग्रहातील सर्वांत प्रामाणिक हेतूचे आणि तरीही सर्वांत उसने वाटते. त्यात श्रद्धा आहे, अभ्यासही आहे. नामजूनचे चित्रप्रेम वरवरचे नाही. २०२०मध्ये आपल्या वाढदिवसानिमित्त त्याने कोरियाच्या राष्ट्रीय आधुनिक व समकालीन कला संग्रहालयाला १० कोटी वॉन दिले, ते दुर्मीळ झालेली चित्रकलाविषयक पुस्तके पुन्हा छापून शाळांना आणि ग्रंथालयांना पोचवावीत म्हणून. पुस्तके शोधत फिरलेल्या माणसालाच असे दान सुचते. तरी पण दुसऱ्याच्या यातनेतून आलेले सत्य आपल्या गाण्याच्या आरंभी ठेवले म्हणजे आपल्या गाण्याला ते प्राप्त होत नाही. चित्रकाराचा आवाज संपतो आणि गायकाचा सुरू होतो त्या ठिकाणी वजन उतरल्याचे कानाला कळते.

शीर्षकात मात्र नामजूनची स्वतःची सूझ दिसते. युन यांचा निळा अल्ट्रामरीन आहे. नामजूनने निवडली ती नीळ. हा शब्दही आपल्याकडून गेलेला : ग्रीक आणि रोमन लोकांनी या रंगाला ‘हिंदुस्थानचा’ म्हणून जे नाव दिले त्यातून ‘इंडिगो’ आला. संग्रहाच्या मुखपृष्ठावर युन यांचे १९७२चे निळे चित्र आहे आणि त्याच्याबरोबर डेनिमचे, म्हणजे जीन्सचे, कापड. जीन्सच्या धाग्यात नीळ गाभ्यापर्यंत शिरत नाही, वरच्या थरावरच बसते. म्हणून वापराने गुडघ्यावर, खिशाच्या कडेला ती विटते आणि कापडावर वापरणाऱ्याच्या देहाची खूण उमटते. युन यांचा रंग तेलासह कापडात झिरपून कायमचा झाला; याचा रंग झिजणारा आहे. आपल्या विशीतील वर्षांची ही अखेरची नोंद आहे, असे नामजूनने या संग्रहाबद्दल म्हटले होते. नोंद कशाची, तर झिजण्याची. पहिल्या गाण्यात गुरूच्या शेजारी उभे राहण्याचा जो अट्टाहास आहे तो या शीर्षकात नाही, आणि संग्रहातील चांगली गाणी शीर्षकाच्या बाजूची आहेत.

मधल्या गाण्यांविषयी थोडक्यात लिहितो. ‘स्टिल लाइफ’मध्ये इंग्रजी शब्दांवर श्लेष आहे : चित्रकलेतील स्थिरवस्तुचित्र, आणि ‘तरीही जीवन’. चौकटीत टांगलेला माणूस चौकटीतून हलू पाहतो ही कल्पना चांगली, आणि अँडरसन पाक यांच्या साथीने ते गाणे खेळकर झाले आहे. पण खेळ लवकर संपतो. ‘ऑल डे’मध्ये आपली आवडनिवड यंत्रातील गणिती सूत्रे ठरवतात याविषयीचा त्रागा आहे. त्यात साथीला एपिक हायचे टॅब्लो, ज्यांच्यामुळे शाळकरी नामजून या वाटेला लागला. शिष्याने गुरूला बरोबरीने बोलावले आहे आणि दोघेही उत्साहात आहेत, तेव्हा तक्रार थोडी मागे पडते. ‘क्लोजर’ आणि ‘हेक्टिक’ ही दोन गाणी नसती तरी चालले असते. पहिले दुराव्याचे गाणे आहे, दुसरे रात्रीच्या सोलमधील गर्दीचे. दोन्ही नेटकी, गुळगुळीत, आणि दोन्ही दुसऱ्या कोणाच्याही संग्रहात शोभली असती. किम सावॉल या गायिकेबरोबरचे विसरभोळेपणावरचे गाणे मात्र लहान असूनही लक्षात राहते. गिटार, शीळ आणि दोन हलके आवाज. आपण काय काय विसरतो याची ती जणू सहज चाललेली गप्पा आहे. जगभर ज्याचा प्रत्येक शब्द जपून ठेवला जातो त्याने विसरण्यावर गाणे रचावे, यात जी इच्छा दडली आहे ती बोलून दाखवलेली नाही, हे बरे झाले.

आठ गाणी सोबतीची म्हटली. उरलेली दोन सलग येतात, सहावे आणि सातवे. सहावे ‘चेंज, भाग २’. त्याने २०१७मध्ये अमेरिकन रॅपगायक वाले यांच्यासह ‘चेंज’ नावाचे गाणे केले होते, ते जग बदलावे म्हणून. या दुसऱ्या भागात माणसे बदलतात, नाती बदलतात आणि त्याला इलाज नसतो एवढेच आहे. आरंभी यंत्रांचा कर्कश आवाज, मग तो ओसरतो आणि पियानो उरतो. पहिल्या भागात सोबती होता, दुसऱ्यात नाही, हा फरक मुद्दाम केलेला असो वा नसो, अर्थपूर्ण आहे.

सातवे ‘लोनली’. परक्या शहरातील हॉटेलची खोली, खिडकीबाहेर आपल्या नसलेल्या उंच इमारती, आणि घरी जाण्याची इच्छा. आशय एवढाच. त्यात तत्त्वज्ञान नाही, चित्रकार नाही, उपमाही फारशा नाहीत. एक शिवी आहे. आणि चाल? चाल जवळजवळ नाचरी आहे. माझ्या मते या संग्रहातील आत्मपर म्हणावे असे पहिले गाणे हे आहे. दुःखाला दुःखी चाल देणे सोपे असते. भावगीतांच्या उतरत्या काळात आपण ते पुष्कळ ऐकले. एकटेपणाच्या गाण्यालाही पाय थिरकवणारा ठेका लावावा लागणे, हे या गायकाच्या आयुष्याचे वास्तव आहे. त्याला रडतानाही तालात राहण्याचे शिक्षण मिळाले आहे. तो हे सांगत नाही, गाणे सांगते. ‘युन’मध्ये ज्या सत्याचा घोष आहे ते सत्य इथे घोषाविना आले आहे.

आणि मग नववे गाणे, ‘वाइल्ड फ्लॉवर’. कोरियन भाषेत आतषबाजीला जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘अग्निफुलांचा खेळ’ असा होतो. (आपल्या फुलबाजीतही फूल आहेच.) त्या शब्दाचे फक्त पहिले अक्षर बदलून नामजूनने ‘रानफुलांचा खेळ’ असा नवाच शब्द घडवला आणि गाण्याला तेच कोरियन नाव दिले. बीटीएसच्या कार्यक्रमांची सांगता आतषबाजीने होत असे. २०१९मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर दोन रात्री हजारो लोकांसमोर गायलेल्या माणसाचे हे गाणे आहे. आकाशात फुटून क्षणात विझणाऱ्या फुलापेक्षा मातीत नाव नसलेले फूल व्हावे, पाय जमिनीला लागावेत, एवढीच त्यात याचना आहे. युन यांचे आकाश आणि भूमी येथे पुन्हा भेटतात, पण युन यांचे नाव न घेता. आणि गुरूचा खरा परिणाम शिष्याच्या कामावर असाच दिसतो. एका अक्षराच्या बदलाने आकाश सोडून जमिनीवर उतरणे हे अनुवादात सांगावे लागते, मूळ भाषेत ते नुसते ऐकू येत असेल. चेरी फिल्टर या रॉक गटाच्या यूजीन यांचा आवाज ध्रुपदाला उंच घेऊन जातो, आणि येथे एक गंमत होते. शब्द खाली उतरू म्हणतात, सूर वर चढत राहतो. आतषबाजी नको म्हणणारे गाणे आतषबाजीसारखेच फुटते! काही समीक्षक याला विसंवाद म्हणतील. मला ती कबुली वाटते. ज्याची इच्छा आहे ते आपल्याला जमणार नाही हे गायकाला कळते आहे, आणि गाणे त्या कळण्यासह पूर्ण झाले आहे. संग्रह प्रसिद्ध झाल्यावर तीनच दिवसांनी, ५ डिसेंबरला, सोलमधील रोलिंग हॉल या छोट्या सभागृहात त्याने केवळ २०० श्रोत्यांसमोर कार्यक्रम केला. तोही असाच एक अर्धवट यशस्वी प्रयत्न म्हणावा लागेल. त्या २०० खुर्च्यांसाठी बाहेर किती लोक आसुसले असतील याची कल्पना सहज करता येते.

शेवटचे गाणे ‘नंबर टू’. मागे वळून पाहू नकोस, जे झाले ते त्या वेळी तसेच होणार होते, असा त्याचा भाव. शब्द साधे, पियानो साधा. या गाण्यात सोबत कोणाची आहे हे पाहिले पाहिजे. पार्क जीयून यांनी १९९७मध्ये, शाळकरी वयात, गाण्याच्या व्यवसायात पाऊल ठेवले. २००० साली त्या अशाच एका घडवून आणलेल्या प्रतिमेच्या बळावर देशभर गाजल्या, आणि काही वर्षे नाहीशा झाल्यासारख्या झाल्या. २००९मध्ये त्या परतल्या त्या स्वतः काढलेल्या संस्थेतून, स्वतः रचलेली शांत गाणी घेऊन. तो त्यांचा सातवा संग्रह असूनही त्याच्या नावात त्यांनी ‘पुन्हा पहिला’ असे शब्द घातले होते. नामजून ज्या वाटेच्या तोंडाशी उभा आहे ती वाट चालून गेलेली ही बाई आहे. युन यांचे तुरुंग, युन यांचा काळ नामजूनचा होऊ शकत नाही. पार्क जीयून यांचा प्रश्न मात्र अगदी त्याचाच आहे : दुसऱ्यांनी घडवलेल्या मूर्तीतून आपले माणूस कसे बाहेर काढावे. संग्रहाचा आरंभ दूरच्या गुरूने आणि शेवट जवळच्या वडील बहिणीने व्हावा, ही योजना मला अतिशय मार्मिक वाटते. परदेशी समीक्षेत बहुतेक सर्व भर युन यांच्यावर दिलेला आढळतो. जीयून यांच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

‘इंडिगो’ अमेरिकेतील बिलबोर्डच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला. वर्षभराने, ११ डिसेंबर २०२३ रोजी, नामजून सक्तीच्या सैनिकी सेवेत दाखल झाला आणि १० जून २०२५ रोजी मोकळा झाला. मधल्या काळात, २४ मे २०२४ला, त्याचा ‘राइट प्लेस, रॉंग पर्सन’ हा पुढचा संग्रह आला, सेवेत जाण्यापूर्वी करून ठेवलेला. तो अधिक ओबडधोबड आहे, बराचसा इंग्रजीत आहे, आणि त्यात कोणा थोर माणसाचा आवाज आरंभी आशीर्वाद द्यायला येत नाही. काही ठिकाणी तो ऐकवतही नाही. पण ‘लोनली’ने उघडलेले दार त्यात पुढे ढकललेले दिसते, आणि ‘युन’चा भारदस्तपणा त्याने मागेच ठेवला आहे. दोन्ही संग्रह ऐकायचे असल्यास आधी ‘इंडिगो’ ऐकावा, आणि तोही क्रम न मोडता. सहाव्या गाण्यापाशी सोबतीचे आवाज थांबतात आणि आठव्याला पुन्हा येतात, हे सुटे सुटे ऐकणाऱ्याच्या लक्षात येणार नाही.